शेजारच्या चर्चसाठी प्रार्थना

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठ दिवसांत जगभरातील कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्या एकाच विषयावर प्रार्थना करतात. हा ‘ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा’. दक्षिण गोलार्धात जानेवारी हा सुट्ट्यांचा काळ असल्यामुळे तिथे तो बहुधा पेंटेकॉस्टच्या सुमारास पाळतात. प्रार्थनेचा मजकूर दर वेळी निराळ्या देशातील स्थानिक ख्रिस्ती गट तयार करतो आणि व्हॅटिकनचा ऐक्यविभाग व जागतिक चर्च परिषद मिळून त्याला अंतिम रूप देतात. २०१३ साली हे काम भारताकडे आले होते. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडियाने कॅथलिक विद्यार्थी संघटना आणि नागपूरला मुख्यालय असलेली भारतीय राष्ट्रीय चर्च परिषद यांच्या साथीने मजकूर बांधला. त्याच्या केंद्रस्थानी त्यांनी दलित ख्रिस्ती माणसाचा प्रश्न ठेवला. चर्चची फूट केवळ सिद्धान्तांमुळे होत नाही, जातीमुळेही होते, ही गोष्ट त्या वर्षी साऱ्या जगाच्या प्रार्थनेत गेली.

ऐक्याच्या या प्रार्थनेचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानात आहे. अटक होण्याआधीच्या रात्री येशूने आपल्या शिष्यांसाठी, आणि त्यांच्यामुळे पुढे विश्वास ठेवणाऱ्या सर्वांसाठी, ते एक असावेत अशी विनवणी केली. त्या एकतेकडे पाहून जगाला विश्वास वाटावा, हे कारणही सांगितले. प्रत्यक्षात घडले ते उलट. पाचव्या शतकात पूर्वेकडील काही प्राचीन मंडळ्या वेगळ्या झाल्या. १०५४ सालचे परस्परबहिष्कार हे रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यातील दुराव्याची ठळक खूण ठरले आणि सोळाव्या शतकात पश्चिम युरोप कॅथलिक व प्रोटेस्टंट असा दुभंगला. त्यानंतर फुटीतून फुटी निघत गेल्या. आज एकाच गावात तीन चर्च असतात, तिन्हींमध्ये रविवारी प्रभूची तीच प्रार्थना म्हटली जाते, आणि तिन्हींच्या माणसांना एकमेकांच्या दारातून आत जायचा संकोच वाटतो.

या आठवड्याची सुरुवात १९०८ साली अमेरिकेत झाली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला गॅरिसन गावाजवळ ग्रेमूर येथे पॉल वॉटसन हे अँग्लिकन परंपरेतील धर्मगुरू आणि लुराना व्हाइट या भगिनी यांनी एक छोटा संन्यासी समुदाय स्थापन केला होता. १८ जानेवारी हा तेव्हा संत पीटरच्या अधिकारपीठाचा सण होता आणि २५ जानेवारी हा संत पॉलच्या परिवर्तनाचा. या दोन प्रेषितांच्या मधले आठ दिवस वॉटसन यांनी ऐक्यासाठी निवडले. पुढच्याच वर्षी हा समुदाय कॅथलिक चर्चमध्ये सामील झाला आणि १९१६ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ही प्रार्थना सर्व कॅथलिक जगात लागू केली.

मात्र वॉटसन यांच्या मनातले ऐक्य म्हणजे सर्वांनी रोमकडे परत येणे. कॅथलिक माणूस अशी प्रार्थना मनापासून करू शकत होता. लूथरन किंवा ऑर्थोडॉक्स माणसाला ती स्वतःच्या पराभवासाठी केल्यासारखी वाटे. ही अडचण सोडवली ती फ्रान्समधील लियाँ शहरातल्या एका शाळामास्तरांनी. पॉल कूतुरिए हे धर्मगुरू होते आणि शाळेत विज्ञान शिकवत. रशियन क्रांतीनंतर लियाँमध्ये आलेल्या निर्वासितांसाठी ते १९२०च्या दशकात धावपळ करू लागले, आणि त्या कामात त्यांना ऑर्थोडॉक्स माणसे पहिल्यांदा जवळून भेटली. सिद्धान्ताची चर्चा पुढे झाली, ओळख आधी झाली. हा क्रम ऐक्याच्या इतिहासात वारंवार दिसतो. १९३०च्या दशकात कूतुरिए यांनी प्रार्थनेचा आशय बदलला. ख्रिस्ताला हवे तसे आणि त्याला हव्या त्या मार्गाने ऐक्य व्हावे, एवढेच मागायचे. कोण कोणाकडे जाईल हे माणसाने आधी ठरवायचे नाही. या बदलामुळे प्रत्येकाला आपापल्या जागी उभे राहून, मनात काही न चोरता, तीच प्रार्थना करता येऊ लागली. विसाव्या शतकातील ख्रिस्ती जीवनात इतक्या थोड्या शब्दांच्या बदलाने इतके मोठे दार क्वचितच उघडले असेल.

यापुढचा इतिहास परिषदांचा आणि दस्तऐवजांचा आहे. १९४८ साली अॅमस्टरडॅमला जागतिक चर्च परिषद स्थापन झाली. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयीचा आदेश संमत केला. त्याच वर्षाच्या आरंभी पोप पॉल सहावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क अथेनागोरस जेरुसलेममध्ये भेटले होते. १९६५च्या डिसेंबरात दोघांनी १०५४चे परस्परबहिष्कार स्मृतीतून पुसून टाकले. १९६८पासून प्रार्थनेच्या आठवड्यात व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद यांनी मिळून तयार केलेला मजकूर वापरला जाऊ लागला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी, माणूस देवाच्या कृपेने नीतिमान ठरतो या मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सोळाव्या शतकातील सर्वांत मोठा वाद हाच होता. या सगळ्याचे मोल मोठे आहे. पण ऑग्सबर्गला झालेली सही वसईच्या धर्मग्रामात किंवा अहमदनगरच्या मंडळीत आपोआप पोहोचत नाही. कागदावरचे ऐक्य खरे होते ते धर्मग्रामाच्या पातळीवर, म्हणजे एका चर्चभोवतीच्या, एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या माणसांमध्ये.

धर्मग्रामात या आठवड्याचे रूप साधे असते. एका संध्याकाळी आसपासच्या सर्व मंडळ्या एका चर्चमध्ये जमतात. यजमानपद दरवर्षी फिरते. पवित्र शास्त्रातील वाचने वेगवेगळ्या मंडळ्यांचे लोक करतात, प्रवचन पाहुणे पाळक किंवा फादर देतात, गायकवृंद मिळून गातात, प्राचीन मतांगीकार आणि प्रभूची प्रार्थना सर्वजण एकत्र म्हणतात. कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात सर्वांच्या गरजांसाठी ज्या विनंत्या मांडतात, त्यात शेजारच्या मंडळीचे नाव घेतले जाते. वर्षभरात आणखी काही निमित्ते असतात. १ जानेवारी हा १९६८पासून कॅथलिक चर्चमध्ये जागतिक शांतिदिन म्हणून पाळला जातो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थनादिन असतो. तो स्त्रियांनी सुरू केला आणि स्त्रियाच चालवतात. ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीत बिशप आणि पंडितांची नावे पुढे येतात, तरी वेगवेगळ्या मंडळ्यांच्या बायका एकत्र बसून एका परक्या देशासाठी प्रार्थना करतात ही प्रथा त्या सगळ्या परिषदांपेक्षा जुनी आहे.

वर्षातून एक संध्याकाळ एकत्र जमून सगळे आपापल्या घरी गेले तर फारसे काही बदलत नाही. खरी परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यात असते. यासाठी एक उपयोगी कसोटी १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथील परिषदेत पुढे आली: जिथे खोल मतभेदांमुळे वेगळे वागणे भागच आहे, तेवढे सोडून बाकी सर्व कामे मंडळ्यांनी एकत्र करायला नकोत का? धर्मग्रामाने हा प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारला तर वेगळी ठेवण्यासारखी कामे फार थोडी उरतात. रुग्णालयातल्या भेटी, तुरुंगातील सेवा, पूरग्रस्तांसाठी धान्य, तरुणांची शिबिरे, दफनभूमीची देखभाल, शास्त्राचा अभ्यास, यांपैकी कशालाही वेगळ्या सिद्धान्ताची गरज नाही.

जिथे खरोखर अडते ती जागा म्हणजे वेदी. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या दृष्टीने ख्रिस्तप्रसाद हा श्रद्धेतील पूर्ण ऐक्याचा आविष्कार आहे, म्हणून ते ऐक्य नसताना सर्वसाधारणपणे तो एकत्र घेता येत नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या प्रभुभोजनाला प्रभूचे निमंत्रण मानतात आणि बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही त्यात बोलावतात. दोन्ही भूमिकांमागे गांभीर्य आहे. त्यामुळे संयुक्त उपासना बहुधा वचनाची आणि प्रार्थनेची असते, प्रभुभोजनाची नसते. पती कॅथलिक आणि पत्नी प्रोटेस्टंट अशा घरांना ही फूट दर रविवारी जाणवते. बाप्तिस्म्याबाबत परिस्थिती बरी आहे. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा बहुतेक चर्च परस्परांचा मानतात. बालकांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या मंडळ्यांशी मात्र हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

भारतातील मंडळ्यांनी या प्रश्नांना युरोपच्या आधी हात घातला. १९१९च्या मे महिन्यात तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे, व्ही. एस. अझरया या भारतीय अँग्लिकन बिशपांच्या पुढाकाराने जमलेल्या पाळकांनी एक निवेदन काढले. ज्या फुटी आपण केल्या नाहीत आणि ज्या आपल्यावर बाहेरून लादल्या गेल्या, त्यांमुळे आपण दुबळे झालो आहोत, असा त्याचा आशय होता. महाराष्ट्राला हे तंतोतंत लागू होते. मिशनऱ्यांनी प्रदेश आपसांत वाटून घेतले होते. अहमदनगर आणि सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन काम करीत होते, नागपूर आणि पुण्यात स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, नाशिककडे अँग्लिकन. एखादे मराठी कुटुंब कोणत्या पंथाचे हे बऱ्याचदा त्याच्या तालुक्यात कोणते मिशन आले यावर ठरले. त्या कुटुंबाने स्कॉटलंडमधला वाद ऐकलाही नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे खटकत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे सारेच येशूचे अनुयायी एकत्र येऊ शकतील. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार वाढू शकला नाही. त्यांची पदे मात्र मिशनांच्या सीमा ओलांडून गेली. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात धरणाऱ्या वेगवेगळ्या मंडळ्या आजही ती गातात.

तरंगमबाडीच्या निवेदनातून २७ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, मद्रासमध्ये दक्षिण भारतीय चर्च स्थापन झाले. बिशप असलेली अँग्लिकन परंपरा आणि बिशप नसलेल्या परंपरा यात एकत्र आल्या. एवढ्या विस्ताराने असे जगात प्रथमच घडत होते. या चर्चच्या १९५० सालच्या उपासनाविधीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतून एक गोष्ट घेतली गेली: प्रभुभोजनाआधी पाळकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातातून हातात शांती देणे. पुढे जगभरच्या प्रोटेस्टंट उपासनाविधींवर तिचा प्रभाव पडला. कॅथलिक मिस्सातही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांनी परस्परांना शांती देण्याची रीत परतली. भारतात ती अनेक ठिकाणी हात जोडून नमस्काराने दिली जाते. शांतीसाठी करायच्या कामाची रविवारची उजळणी म्हणून तिच्याकडे पाहिले पाहिजे. ज्याच्याशी बोलणे बंद आहे तोच शेजारच्या बाकावर असला तर या क्षणी त्याच्याकडे वळावे लागते.

उत्तरेत हीच वाट अधिक लांब होती. १९२९पासून चाललेल्या वाटाघाटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात पूर्ण झाल्या आणि सहा चर्चचे मिळून उत्तर भारतीय चर्च झाले. अँग्लिकन चर्च, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन यांचे आधीच एक झालेले चर्च, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स अशी ही सहा नावे. बालकाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातील बाप्तिस्मा हे दोन्ही मान्य करून त्यांनी एका जुन्या वादावर एकत्र राहण्याची तोड काढली. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च ऐन वेळी बाजूला राहिले, हेही या इतिहासात नोंदवायला हवे. एका दिवशी चर्चच्या पाटीवरचे नाव बदलते. एकमेकांच्या रीती अंगवळणी पडायला पिढी जावी लागते आणि मालमत्तेचे प्रश्न त्याहून चिवट ठरतात.

ऐक्याची प्रार्थना आणि शांतीचे काम ही दोन वेगळी कामे नाहीत, हे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात. तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षे चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. संघर्षाचे मूळ राजकीय होते: उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंडमध्ये जावे. पण ब्रिटनच्या बाजूचे बहुतेक प्रोटेस्टंट आणि आयर्लंडच्या बाजूचे बहुतेक कॅथलिक असल्यामुळे चर्च ही ओळखीची खूण बनली. वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या. माणूस कोणत्या बाजूचा हे त्याच्या शाळेच्या नावावरून ओळखले जाई.

पश्चिम बेलफास्टमध्ये कॅथलिक फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंट शांकिल रोड यांच्या मधोमध रिडेम्प्टरिस्ट संघाचा क्लोनार्ड मठ आहे. आसपासच्या गल्ल्यांना ब्रिटिश साम्राज्याच्या काळात हिंदुस्थानातली नावे दिली गेली: काश्मीर रोड, लखनौ स्ट्रीट, कानपूर स्ट्रीट. मठाला लागून असलेल्या गल्लीचे नाव बॉम्बे स्ट्रीट. १५ ऑगस्ट १९६९ रोजी जमावाने ती जाळली. घरे पुढे पुन्हा उभी राहिली, पण दोन वस्त्यांच्या मध्ये लष्कराने अडथळे उभारले आणि त्यांचीच पुढे उंच भिंत झाली. तिला ‘पीस लाइन’ म्हणतात. क्लोनार्डमध्ये निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना मोठ्या गर्दीने होते. त्याच मातेच्या नोव्हेनासाठी मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. या भक्तीचे मूळ चित्र पूर्वेकडील ख्रिस्ती शैलीतले आहे आणि ते रोमला जपलेले आहे.

१९८१ साली आयरिश कैद्यांच्या उपोषणात दहा जण मरण पावले आणि शहर पेटले. त्याच वर्षी क्लोनार्ड आणि दक्षिण बेलफास्टमधील फिट्झरॉय प्रेस्बिटेरियन चर्च यांच्यात पवित्र शास्त्राचा एक अभ्यासगट सुरू झाला. फिट्झरॉयचे पाळक रेव्हरंड केन न्यूवेल हे एकेकाळी ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे सदस्य होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंडोनेशियातील तिमोर बेटावर त्यांनी धर्मशास्त्र शिकवले आणि तिथल्या अनुभवाने कॅथलिकांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली. १९८३ साली फादर जेरी रेनल्ड्स क्लोनार्डला आले आणि या दोघांची मैत्री या गटाचा कणा बनली.

गटाने केले ते वरवर किरकोळ वाटावे असे होते. एकत्र वाचणे, एकत्र प्रार्थना करणे, एकमेकांच्या चर्चमध्ये जाणे, मतभेद न लपवता बोलणे. दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसांसाठी यातले प्रत्येक पाऊल धाडसाचे होते. कोणी मारले गेले की धर्मगुरू आणि पाळक मिळून त्या घरी जात. मृत कॅथलिक असो की प्रोटेस्टंट, पोलीस असो की साधा रहिवासी, दारात दोन परंपरांचे दोघे उभे राहत. शोकात असलेल्या घराला त्यातून जे कळे ते कोणत्याही संयुक्त पत्रकातून कळले नसते.

१९९०पासून न्यूवेल, रेनल्ड्स आणि काही सहकारी क्लोनार्डमध्ये आयर्लंडच्या बाजूच्या शिन फेन पक्षाच्या नेत्यांशी शांतपणे बोलू लागले. प्रोटेस्टंट पाळकांनी आपली भीती आणि आपला राग तिथे थेट सांगितला. त्याच मठातील फादर अॅलेक रीड तर आधीपासून शिन फेनचे नेते जेरी अॅडम्स आणि मध्यममार्गी नेते जॉन ह्यूम यांच्यात निरोप पोहोचवत होते. १९ मार्च १९८८ रोजी एका अंत्ययात्रेत सापडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून नेले व त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. रीड यांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला. मग गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्यांच्याजवळ तेव्हा अॅडम्सकडून ह्यूमला द्यायचा वाटाघाटीचा कागद होता आणि पाकिटावर त्या सैनिकांचे रक्त लागले होते, हे बऱ्याच वर्षांनी उजेडात आले. रीड यांनी तो कागद पोहोचवला. १९९४ साली दोन्ही बाजूंच्या सशस्त्र गटांनी शस्त्रसंधी जाहीर केली आणि १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला. पुढे २००५ साली आयर्लंडच्या बाजूच्या आयआरए या सशस्त्र गटाने शस्त्रे निकामी केली तेव्हा साक्षीदार म्हणून दोन धर्मसेवक होते: फादर रीड आणि मेथडिस्ट चर्चचे रेव्हरंड हॅरल्ड गुड. एका बाजूच्या साक्षीदारावर दुसऱ्या बाजूने विश्वास ठेवला नसता. क्लोनार्ड आणि फिट्झरॉयच्या गटाला १९९९ साली पॅक्स क्रिस्टीचा आंतरराष्ट्रीय शांती पुरस्कार मिळाला. करार चर्चने केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; तो राजकीय पक्षांनी आणि दोन सरकारांनी केला. परंतु शत्रूशी बोलता येते, आणि बोलून परत आपल्या माणसांत येता येते, हे काही धर्मग्रामांनी आधी करून दाखवले होते.

परत आपल्या माणसांत येणे सर्वांना जमले नाही. लिमावाडी या छोट्या गावात प्रेस्बिटेरियन चर्च आणि कॅथलिक चर्च रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर होती. १९८०च्या दशकात नाताळच्या दिवशी तिथल्या फादरनी आणि रेव्हरंड डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी रस्ता ओलांडून एकमेकांच्या चर्चमध्ये जाऊन शुभेच्छा दिल्या. एवढ्यावरून आर्मस्ट्राँग यांच्या मंडळीत वाद पेटला, कुटुंबाला धमक्या आल्या आणि १९८५ साली त्यांना इंग्लंडला जावे लागले. ऐक्याच्या कामाला विरोध बहुधा आपल्याच मंडळीतून होतो. त्यामागे नेहमी द्वेषच असतो असे नाही. आपल्या पूर्वजांनी ज्यासाठी सोसले ते आता स्वस्तात सोडले जाईल अशी भीती त्यात असते, आणि तिच्याशी संयमाने बोलावे लागते. पाळक खूप पुढे गेला आणि मंडळी मागे राहिली तर पूल अर्धाच उभा राहतो.

फादर रेनल्ड्स यांनी हे ओळखून १९९०च्या दशकात एक साधी रीत सुरू केली. क्लोनार्डमधील काही भाविक रविवारी भिंतीपलीकडच्या, शांकिल भागातील एखाद्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकांवर बसू लागले. त्यांना ‘ऐक्याचे यात्रेकरू’ म्हणत. ते भाषण देत नसत, काही मागत नसत. तिथल्या लोकांबरोबर गात, प्रवचन ऐकत आणि बाहेर पडताना बोलत थांबत. प्रभुभोजनात सहभागी होता येत नाही याचे दुःख रेनल्ड्स यांनी कधी लपवले नाही. तेही प्रार्थनेचाच भाग आहे असे ते मानत. क्लोनार्डच्या नोव्हेनाच्या दिवसांत प्रोटेस्टंट पाळकांना प्रवचनासाठी बोलावण्याची प्रथाही पडली.

हे काम पुढच्या पिढीकडे गेले आहे. न्यूवेल यांच्यानंतर फिट्झरॉयला आलेले रेव्हरंड स्टीव्ह स्टॉकमन आणि कॅथलिक धर्मगुरू फादर मार्टिन मॅगिल यांनी मिळून ‘फोर कॉर्नर्स’ महोत्सव सुरू केला. २०१३पासून तो दरवर्षी हिवाळ्यात, प्रार्थनेच्या आठवड्याच्या आगेमागे भरतो. व्याख्याने, संगीत आणि प्रार्थना मुद्दाम शहराच्या चारही कोपऱ्यांत ठेवतात, म्हणजे ज्या भागात कधी पाऊल टाकले नाही तिथे लोकांना जावे लागते. एप्रिल २०१९ मध्ये डेरी शहरात लायरा मकी या तरुण पत्रकाराची दंगलीत गोळी लागून हत्या झाली, तेव्हा उत्तर आयर्लंडचे सरकार पक्षांच्या भांडणामुळे दोन वर्षांहून अधिक काळ बंद होते. बेलफास्टच्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये झालेल्या अंत्यविधीत बोलायला फादर मॅगिल उभे राहिले. समोर सर्व पक्षांचे नेते बसले होते. त्यांना एकत्र आणायला एका तरुणीचा मृत्यू का लागावा, असे त्यांनी विचारले. लोक उठून टाळ्या वाजवू लागले आणि शेवटी नेत्यांनाही उठावे लागले. त्या आठवड्यातच नव्या वाटाघाटी जाहीर झाल्या आणि जानेवारी २०२० मध्ये विधानसभा पुन्हा सुरू झाली.

बॉम्बे स्ट्रीटमागची भिंत अजून उभी आहे. २०२३पर्यंत अशा सर्व भिंती काढण्याचे सरकारी उद्दिष्ट पार पडले नाही, कारण दोन्ही बाजूंच्या अनेक रहिवाशांना त्यांच्याशिवाय रात्री सुरक्षित वाटत नाही. काही फाटके दिवसा उघडतात, रात्री बंद होतात. बहुसंख्य मुले अजूनही वेगळ्या शाळांत शिकतात.